एक काडतूस, दोन बंदुका

चऱ्होली,
११ जानेवारी १९५४

हनीफभावजी यांस दुर्गाबाईचा नमस्कार.

खुशाली लिहीत नाही, ती या घरात उरलेली नाही. कामाचंच लिहिते.

तुमचा मित्र ज्योतीराम जाऊन तीन महिने होत आले. नवऱ्याचं नाव घेते आहे. आता घेतलं काय आणि न घेतलं काय, नाक मुरडणाऱ्या सासूबाईही राहिल्या नाहीत. काल शाळा सुटल्यावर घरी येत होते, तर हिंदुरावाने मोटार थांबवली. "बाई, कसं चाललंय?" म्हणाला. कमरेला नवी सहाबारी. जुनी फुटली म्हणून मुंबईहून तसलीच दुसरी आणली म्हणे. माणूस गेला तर त्याच्या जागी काही आणता येत नाही, रिव्हॉल्व्हर मात्र महिन्याभरात येतं. वर सांगतो काय, "काडतुसं भरायला हनीफकडेच टाकलीत, त्याच्यासारखा हात नाही."

भावजी, ज्याने तुमच्या मित्राला मारलं त्याची काडतुसं तुम्ही भरता?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण लिहिलं की थोडं बरं वाटतं. यांनी सात वर्षं त्या दगडखाणवाल्या हिंदुरावाची हत्यारं सांभाळली. गोरा साहेब विलायतेला जाताना रायफल आणि सहाबारीची जोडी त्याला विकून गेला, ती यांच्याच हाताखाली होती. मग पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघतोय म्हणून यांनी तिथे अर्ज केला. हिंदुराव चारचौघांत म्हणाला, "जातोस कसा ते बघतो." दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना नेमबाजी दाखवायला दिघीच्या डोंगराकडे घेऊन गेला. स्वतः रायफल चालवली आणि सहाबारी यांच्या हातात दिली. पहिल्याच बाराला काडतुसं बसतात ती तिची चक्री फुटली आणि पोलादाचा तुकडा यांच्या कपाळात गेला. पंचनाम्यात लिहिलं, अपघात. त्याने मला साडीचोळी आणि नारळ पाठवला. दोन्ही मी उकिरड्यावर टाकलं.

तुम्हीच एकदा यांना सांगत होता, मी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत ऐकलं होतं. रायफलसाठी भरलेलं काडतूस सहाबारीत गेलं तर चालवणाऱ्याची धडगत नाही. भावजी, तेच भरा. हिंदुरावाच्या सगळ्या काडतुसांत रायफलची दारू भरा. जे माझ्या घरात आलं ते त्याच्या घरात जाऊ दे.

हे पत्र फाडायची गरज नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी नव्हे.

दुर्गा


चिंचवड,
२० जानेवारी १९५४

दुर्गावैनींस हनीफचा सलाम आणि रामराम.

तुमचं पत्र तीन येळा वाचलं. खातूनला दाखवलं न्हाई.

वैनी, मला ह्ये जमणार न्हाई. भ्या वाटतं म्हणून न्हवं. खडकीला पल्टनीच्या हत्यारखान्यात मी पंधरा वर्सं काढली, मरणाची दारू रोज हातानं तोलली. पण त्यातलं एक काडतूस बी दगा द्यायला भरलं न्हाई.

त्या जोडीची गोष्ट तुमाला नीट सांगतो, मग तुमीच समजून घ्या. जंगलात दोन तऱ्हेची काडतुसं वागवायला नकोत म्हणून साहेब लोक अशी जोडी घ्यायचे. काडतूस एकच, बंदुका दोन. सहाबारीला बी रायफलचंच काडतूस बसतं. पण बसतं म्हणून सोसतं असं न्हाई. रायफलची नळी लांब, भिंत जाड, तिला दारू जास्ती लागते. सहाबारीच्या चक्रीची भिंत म्हंजे भाकरीचा पापुद्रा. आता विलायती माल येत न्हाई, म्हणून उडालेल्या काडतुसांच्या त्याच रिकाम्या पितळी पुंगळ्या मी पुन्यांदा पुन्यांदा भरतो. नवी टोपी, नवं शिसं, आन् दारू सोनाराच्या तराजूत एकेक तोलून. टेबलावर एका टायमाला एकाच बंदुकीच्या काडतुसांची डबी. रायफलच्या काडतुसाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका द्यायचा, सहाबारीचं कोरं ठेवायचं. दिसायला बाकी दोन्ही जुळी भावंडं.

हिंदुराव चांगला माणूस न्हाई. खाणीवरच्या बायांची हजेरी खातो त्ये सगळ्या दिघीला म्हाईत हाय. पण त्यानं ज्योतीरामला मारलं न्हाई. त्याला ठिपका आन् कोरं ह्यातलं काय बी कळत न्हाई, ती सगळी नजर ज्योतीरामची होती. ह्ये मी कुराणावर हात ठेवून सांगतो.

ज्योतीराम माझा पाठचा भाऊ होता. मला बी रात रात झोप न्हाई. पण वैनी, हा नाद सोडा.

हनीफ


चऱ्होली,
२ फेब्रुवारी १९५४

हनीफभावजी यांस,

तुम्ही मला तराजू शिकवलात, आता मी तुम्हाला वजाबाकी शिकवते. माझ्या दुसरीच्या पोरींना येते, तुम्हालाही येईल.

त्या दिवशीचा यांचा कोट हिंदुरावाकडून परत आला. त्याच्या खिशात पाच काडतुसं आहेत, फुटलेलं ज्या डबीतलं होतं त्याच डबीतली. तुमचं पत्र आल्यावर मी ती उन्हात नेऊन पाहिली. एकाच्याही बुडाला लाल ठिपका नाही. आणि त्यांच्याच बरोबरीच्या काडतुसाने चक्री फुटली. म्हणजे दोनच गोष्टी उरतात. ठिपका दिला होता आणि कुणीतरी तो काढला, किंवा ठिपका दिलाच नव्हता. पहिली खरी असेल तर हिंदुराव. दुसरी खरी असेल तर तुम्ही. तिसरी काही असेल तर मला सांगा. मी बुद्धीने इतकी जड नाही.

तुम्ही कुराणावर हात ठेवून सांगता की त्याने मारलं नाही. पोलिसांनी फुटलेली सहाबारी तपासायला तुम्हालाच बोलावलं होतं ना? तुम्ही पाहून आलात आणि 'अपघात' हा शब्द त्यांच्या तोंडात घातलात. काय पाहिलंत ते मला सांगितलं नाहीत. चहा पिऊन, मान खाली घालून निघून गेलात. मी तेव्हा समजले, मित्राचं दुःख आहे. आता वाटतं, दुःखाखाली दुसरंही काही आहे.

कुणाला वाचवताय, भावजी? गिऱ्हाईक तुटेल म्हणून जीभ रेटत नाही का? एक नाव लिहा. मला आणखी काही नको.

दुर्गा


चऱ्होली,
२९ मार्च १९५४

हनीफभावजी,

दोन महिने झाले, तुमची एक ओळ नाही. नका लिहू. माझं मी ठरवलं आहे.

हिंदुरावाच्या मुलीचं, सुमनचं, लग्न ठरलं. मुलगा पुण्यात कचेरीत आहे, त्याला मुलीचं लिहिणं-वाचणं सुधारायला हवंय. शिकवायला त्यांना बाई हवी होती. मीच गेले. शालनबाई, त्याची बायको, माझा हात धरून रडली. तिचं मन चांगलं आहे, तिच्यासाठी मला वाईट वाटेल. पण माझ्यासाठी कुणाला वाटलं होतं?

आठवड्यातून दोनदा जाते. सुमनची पुस्तकं ज्या कपाटात असतात त्याच कपाटात वरच्या फळीवर त्याची सहाबारी असते. किल्ली खुंटीला. रामनवमीला वराकडची मंडळी येणार आहेत आणि जेवणं झाली की त्यांना नेमबाजी दाखवायचा बेत आहे. या खेपेला सहाबारी चालवायला माझा नवरा नाही, तेव्हा तो स्वतःच चालवणार. माझ्याकडे कोटातली पाच काडतुसं आहेत. सहाबारीत सहा लागतात, पण पाचही पुष्कळ झाली.

पुढे माझं काय होईल ते होवो. फाशी झाली तर चऱ्होलीच्या पोरींना नवी बाई मिळेल.

हे तुम्हाला का कळवते? तुम्ही नाही म्हणालात म्हणून काम अडत नाही, एवढं तुम्हाला कळावं.

दुर्गा


चिंचवड,
३१ मार्च १९५४

वैनी,

पत्र हातात पडल्या पडल्या लिहितो. तुमी नाव मागितलं होतं. घ्या. हनीफ.

ठिपका मी दिलाच न्हवता. दसऱ्याच्या आधी कामाची घाई होती, पल्टनीतल्या एका साहेबाची बंदूक बी दुरुस्तीला आलती. दोन्ही डब्या एकाच बैठकीला भरल्या आन् लाल रंगाची बाटली उघडली बी न्हाई. वाटलं, डब्या निराळ्या हायेत, ज्योतीरामला समजंल. भरताना डबीची अदलाबदल झाली. पोलिसांपुढं त्ये बोलायची माझी छाती झाली न्हाई. म्हणून दोन महिने लिवलं न्हाई. तुमाला काय तोंडानं लिवू?

हिंदुरावाचा ह्यात काय बी हात न्हाई. त्याला माराल तर निरपराध्याला माराल, आन् मारणारा हितं जिवंत बसलेला राहील. ती पाच काडतुसं इंद्रायणीच्या डोहात टाका. आजच टाका. त्या घरची शिकवणी सोडा.

माझं काय करायचं त्ये तुमी ठरवा. मी हातपाय हलवणार न्हाई.

हनीफ


चऱ्होली,
५ एप्रिल १९५४

हनीफ मिस्त्री,

भावजी म्हणायचं आज संपलं.

काडतुसं डोहात टाकली. हिंदुरावाच्या घरी जाऊन, आता येणार नाही, असं शालनबाईला सांगितलं. माझं तिकडे काही काम उरलं नाही.

तुमचं पत्र मी काल स्वतः नेऊन फौजदारांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हे अक्षर त्याचंच का?" मी म्हटलं, पंधरा वर्षांचा घरोबा आहे, अक्षर ओळखते. खालची सही पाहा. त्यांनी तिथल्या तिथे शिपाई पाठवला.

तुम्ही माझ्या घरी जेवलात. यांच्या दहाव्याला नदीवर उभे होता. कावळा शिवेना, तर तुम्हीच पुढे होऊन म्हणालात, "ज्योत्या, वैनीची काळजी करू नको." कावळा शिवला. आज कळलं की त्या दिवशी यांना मारणाराच यांना वचन देत होता. हिंदुरावाचा मी द्वेष केला, पण त्याच्यापाशी खोटा जिव्हाळा तरी नव्हता. तुम्ही त्याच्याहून हलके निघालात.

तुमचं दुकान बंद पडो. तुमच्या हाताला पुन्हा हत्यार न लागो. तुरुंगात एकेक दिवस मोजताना तुम्हाला यांचं कपाळ दिसो. हे मी शांत डोक्याने लिहिते आहे, शाईदेखील सांडलेली नाही.

ईदेला शिरखुर्मा पाठवू नका.

दुर्गाबाई


चिंचवड,
१७ ऑगस्ट १९५४

दुर्गाबाई,

मी खातूनबी बोलते, माझी बहीण गौहर लिहिते. आमच्याकडे सलामदुवा शिकवतात, पण आज तुला देणार न्हाई.

तुझं काळीज थंड झालं असंल. हनीफला दहा महिने सक्तमजुरी झाली. वकील म्हणत होता, पत्र घाबरून लिवलं असं सांग, सुटशील. त्यानं उभं राहून सांगितलं, गुन्हा कबूल. परवाना गेला, तराजू, चिमटे, सगळं सरकारजमा झालं. मी आता लोकांच्या गोधड्या शिवते. काल येरवड्याला भेटून आले. हात दगड फोडून सोलले हायेत. आन् पैला सवाल काय केला म्हाईत हाय? "वैनी कशी हाय?"

त्यानं माझ्याकडनं कसम घेतली होती. आज मी ती मोडते. अल्ला मला बघून घेईल. पण तू सुखानं झोपावंस, ह्ये मला बघवत न्हाई.

ठिपके दिले होते. त्यानं सात वर्सांत एकदा बी चुकवलं न्हाई. दसऱ्याला ज्योतीरामभाऊ आपट्याची पानं द्यायला आले, तवा हनीफ घरात न्हवता. भाऊ हसत हसत मला म्हणाले, "खंडेनवमीच्या पूजेला काडतुसांच्या दोन्ही डब्या मी घरी आणून ठेवल्या आन् फुलं आणायला पुण्याला गेलो. परत येऊन बघतो तर बायकोनं चिंच आन् राख लावून सगळ्या काडतुसांचं पितळ सोन्यासारखं केलेलं." मला त्यातलं काय कळतंय? मी बी हसले. त्याच सांजेला हनीफच्या कानावर घातलं असतं, तर आज तुझा बी धनी असता आन् माझा बी. ती माझी चूक, ती मी रोज उगाळते.

पूजेत सगळ्याच काडतुसांना कुंकू लागलं, मग लाल कुठलं आन् कोरं कुठलं कोण बघतो? भाऊंनी नुसत्या डबीवर भरोसा ठेवला असंल. पोलिसांनी बोलावलं तवा हनीफनं दोन्ही डब्यांतली काडतुसं उघडून बघितली. जास्ती दारूची आन् कमी दारूची, दोन्ही डब्यांत मिसळलेली. बुडाच्या खाचेत राख वाळलेली. घरी आला तवा मी त्याला भाऊंचं बोलणं सांगितलं, तसा म्हणाला, "खातून, ह्ये दुर्गावैनीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी इंद्रायणीत दिसंल." स्वतःला बी दोष देतो. रंगापरीस कानशीनं खाच मारली असती तर घासून गेली नसती, म्हणतो.

तू नाव मागत होतीस ना? घे.

खातूनबी


चऱ्होली,
३० ऑगस्ट १९५४

खातूनबी यांस,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून शाळेत गेले नाही.

खरं आहे. पाटावर बसून घासली. देवाची भांडी झाली होती, हात भिजलेलेच होते, म्हटलं हीही घासून टाकू. काहींच्या बुडाला तांबडं होतं. मला वाटलं गेल्या वर्षीचं कुंकू राहिलंय, म्हणून नारळाच्या शेंडीने जोर लावून काढलं. मग सगळी एका पंच्यावर वाळत घातली. दोन्ही डब्यांत सारखी सारखी भरली. मोजून भरली. हे आले तेव्हा मी म्हटलं, बघा तुमच्या मालकाचं पितळ. यांना किती कौतुक वाटलं.

आणखी एक कबूल करते, तुमच्याशिवाय कुणापाशी करणार? हनीफभावजींनी जानेवारीत ठिपक्याचं लिहिलं तेव्हाच मला ते घासून काढलेलं तांबडं आठवलं होतं. मी ते वर येऊ दिलं नाही. म्हणून तर इतकी हिंदुरावाच्या आणि मग भावजींच्या अंगावर धावून गेले.

परवा पोलीस कचेरीत गेले. साहेबांना सगळं सांगितलं, लिहून घ्या म्हटलं, त्यांना सोडा आणि मला आत घाला. ते म्हणाले, "बाई, दुःखाने तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. पूजेची भांडी घासणं हा गुन्हा नाही. आरोपीने कबूल केलं, निकाल लागला." शिपायाला सांगून मला पाणी दिलं आणि बाहेर बाकावर बसवलं. दहा महिने मी शिक्षेसाठी माणूस शोधत होते. आता माणूस सापडला, तर शिक्षा द्यायला कुणी तयार नाही.

तुम्ही द्या. डोहाचा विचार केला नाही असं नाही, पण ते फार स्वस्त वाटतं. येत्या भेटीला मला येरवड्याला न्या. भावजींच्या पायावर डोकं ठेवते, मग तुम्ही म्हणाल ते करीन.

दुर्गा


चिंचवड,
६ सप्टेंबर १९५४

दुर्गाबाई,

तुला येरवड्याला नेणार न्हाई.

तुझं पत्र गौहरनं दोनदा वाचून दाखवलं. पैल्या येळी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या येळी न्हाई वाटलं. परवा मी त्याला भेटले. तुझ्या पत्राचं काय बी बोलले न्हाई. तोच म्हणाला, "वैनी मला शिव्या घालती तवर ती जिती हाय. तिचा राग गेला तर समज, तिला कळलं. मग माझे हे महिने मातीत गेले."

ऐकलंस? तू त्याच्या पाया पडलीस, माफी मागितलीस, तर तुझं मन हलकं होईल आन् त्याची कैद फुकट जाईल. तुला हलकं व्हायचं हाय. मी होऊ देणार न्हाई.

तू शिक्षा मागितलीस. ही घे. त्याला तुला कळलंय ह्ये कधी कळता कामा नये. आत हाय तवर न्हाई, आन् सुटून आल्यावर बी न्हाई. दर महिन्याला त्याला एक पत्र घालायचं, आन् त्यात पैल्यासारखंच बोलायचं. गोड शब्द घातलास तर मी तुझ्या दारात येऊन उभी राहीन. डोहाकडं फिरकायचं न्हाई. शाळंत जायचं, जेवायचं, जगायचं. तो रस्त्यात भेटला तर तोंड फिरवायचं. मरंपर्यंत.

त्याला थंडीत दमा उठतो. ह्ये तुला का सांगितलं त्ये मला बी कळत न्हाई.

खातूनबी


चऱ्होली,
४ ऑक्टोबर १९५४

हनीफ मिस्त्री, कैदी, येरवडा.

तुम्हाला वाटलं असेल, सहा महिने झाले, बाई निवळली असेल. नाही निवळले. दसरा तोंडावर आला आहे, त्यामुळे मुद्दाम लिहिते.

मी शाळेत जाते, दोन वेळा जेवते, माझं उत्तम चाललं आहे. तुमच्यामुळे माझं काही अडलेलं नाही, हे तुम्हाला कळावं. तुमची आठवण येते ती फक्त दगड फोडणाऱ्या खाणीवरच्या बाया दिसल्या की. तेव्हा मनात म्हणते, बरं झालं.

खातूनबींनी म्हणे तुम्हाला घोंगडं पाठवलं आहे. ते अंगावर घेत जा. छातीला वारा लागू देऊ नका. औषध मिळतं तर मागून घ्या, लाजू नका. दम लागून आधीच मरून सुटलात तर माझी फसवणूक होईल. पुरे दहा महिने भोगून, आपल्या पायांनी चालत तुम्ही बाहेर आलेलं मला पाहायचं आहे.

उत्तर पाठवू नका, मी वाचणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन आणि हेच लिहीन. ज्याच्या हाताने माझा नवरा गेला, त्याला मी या जन्मी क्षमा करणार नाही.

दुर्गाबाई